ऐकणारा नट

गेल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत चहापानाच्या वेळी एक प्रश्न सहज निघाला आणि बैठक संपली तरी तो संपला नाही. मराठी पडद्यावर, मग तो चित्रपटाचा असो वा दूरचित्रवाणीचा, सर्वांत समर्थ नायक-नट कोण? कोणी डॉ. श्रीराम लागूंचे नाव घेतले, कोणी निळू फुल्यांचे, कोणी नाना पाटेकरांचे. तरुण मंडळींनी सुबोध भावे यांची बाजू हिरिरीने मांडली. आम्ही दिलीप प्रभावळकरांचे नाव घेतले, तेव्हा एक तरुण सभासद नम्रपणे हसून म्हणाले, "काका, ते नट उत्तम आहेत, पण नायक कुठे?" त्या क्षणी आम्हांस उत्तर सुचले नाही. सरकारी नोकरीची सवय अशी, की तोंडी उत्तर सुचले नाही तर लेखी द्यावे. तेच येथे देत आहोत. यात मते आमची आहेत आणि ती चुकीची असू शकतात, हेही आरंभीच नमूद करतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. नायकाची परीक्षा तो बोलत असताना होते, असा आपला समज आहे. लांब संवाद, चढता आवाज, टाळीचे वाक्य या जागा आपण स्मरणात ठेवतो आणि त्यांवरून नटाला गुण देतो. आम्हांस मात्र अनेक वर्षे पाहून असे वाटू लागले आहे, की खरी परीक्षा समोरचे पात्र बोलत असताना होते. बोलणे लेखकाने दिलेले असते. ऐकणे नटाला स्वतःच्या पदरचे घालावे लागते. ही कसोटी लावली, तर प्रभावळकर नायक आहेत की नाहीत या प्रश्नाचा रंगच पालटतो.

आरंभ चिमणरावांपासून करणे बडोदेकरांस तरी भागच आहे. चिं. वि. जोशी (1892–1963) हे जन्माने पुण्याचे, परंतु त्यांची हयात बडोद्यास गेली. येथील महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि पुढे संस्थानच्या दप्तरखात्याचे काम पाहिले. पाली ग्रंथांचा अभ्यासक आणि जुन्या दप्तरांचा रखवालदार असा हा गंभीर गृहस्थ चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचा जनक आहे, हे आमच्या मुलाबाळांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. परक्या भाषेच्या शहरात राहून आपल्याच माणसांकडे थोडे अंतरावरून पाहण्याची जी सवय आपणां स्थायिकांना लागते, तिचा त्या विनोदाशी काही संबंध असावा असे आम्हांस नेहमी वाटते. पण तो आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे.

चिमणराव पडद्यावर प्रथम आले ते फार पूर्वी. मास्टर विनायक यांच्या 'लग्न पहावे करून' (1940) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांची चर्याच अशी, की ते नुसते उभे राहिले तरी प्रेक्षक हसत. त्यानंतर सुमारे चार दशकांनी मुंबई दूरदर्शनवर मालिका झाली आणि तीत दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे या जोडीने त्या दोन नावांना नवे चेहरे दिले. बडोद्यास तेव्हा मुंबई केंद्र दिसत नसे. आम्ही सुटीत मुंबईस आत्याकडे जात असू, तेव्हा चाळीतल्या एकमेव दूरदर्शन संचापुढे पंचवीस-तीस माणसांच्या गर्दीत बसून जे दोन-चार भाग पाहिले, तेवढेच. परत आल्यावर ते भाग आम्ही दांडिया बाजारातल्या मित्रांना साभिनय सांगत असू. म्हणजे चिमणराव बडोद्यात लिहिले गेले आणि बडोद्यात ते आमच्या तोंडून ऐकू आले. मधला प्रवास मुंबईचा.

पुढे कथा पुन्हा वाचल्या, तेव्हा त्या अभिनयातली अडचण ध्यानी आली. पुस्तकात चिमणराव स्वतः निवेदन करतात. आपली फजिती ते आपल्याच तोंडाने, अतिशय गंभीरपणे, जणू अहवाल लिहावा तशी सांगतात, आणि विनोद त्या गांभीर्यात आहे. पडद्यावर आणताना हा निवेदक नाहीसा होतो. उरतो तो केवळ एक गोंधळलेला कुटुंबवत्सल माणूस, ज्याला आपण बाहेरून पाहतो. दामुअण्णांनी ही उणीव आपल्या चर्येने झाकली. प्रभावळकरांनी ती वेगळ्या रीतीने भरून काढली. गुंड्याभाऊ एखादी अचाट योजना मांडत असताना चिमणरावांच्या चेहऱ्यावर आधी कौतुक, मग शंका, मग ती शंका बोलून दाखवण्याचे भय आणि अखेर 'आता जे व्हायचे ते होईल' अशी शरणागती क्रमाने उमटे. हरवलेला निवेदक त्या चेहऱ्यात परत आला होता. बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ इतका दणकट वाटला, त्याचे निम्मे श्रेय त्यांच्याकडे पाहत, ऐकत उभ्या राहणाऱ्या चिमणरावांना आहे.

आम्ही नोकरीत असे अनेक चिमणराव पाहिले आहेत. साहेब बोलत असता मान हलवणारे, मनात निराळे आणि जिभेवर निराळे असणारे, घरी गेल्यावर मात्र आपण साहेबांस काय सुनावले याची कहाणी सांगणारे. आम्हीही त्यांतलेच एक होतो. त्या माणसाला हास्यास्पद करणे सोपे असते. तो हास्यास्पद असूनही आपला वाटावा, हे अवघड. दोष सांगायचा तर एवढाच, की आमच्या आठवणीप्रमाणे आवाजाची पट्टी काही जागी अकारण उंच जाई आणि चाळीशेजारच्या प्रेक्षकाला हसवण्याची घाई दिसे. तो रंगभूमीचा संस्कार असावा.

वेषांतर हा प्रभावळकरांचा फार मोठा गुण समजला जातो. 'हसवाफसवी' या त्यांच्याच नाटकात त्यांनी सहा भूमिका केल्या आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. 'झपाटलेला' (1993) मधला तात्या विंचू आमच्या मुलांच्या पिढीला आजही तोंडपाठ आहे. येथे आमचे मत थोडे निराळे आहे. या नटाचा मुखवटा जितका जाड, तितका त्याचा अभिनय आम्हांस चातुर्याचा वाटतो. आणि मुखवटा जितका पातळ, तितका तो खोल जातो. वेषांतरात प्रेक्षक नटाला ओळखण्याच्या आनंदात असतो. 'अरे, हेही तेच!' हे कौतुक नटाचे होते, पात्राचे नव्हे.

'चौकट राजा' (1991) हा या दोहोंच्या सीमेवरचा चित्रपट. संजय सूरकर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटातला नंदू हा शरीराने वाढलेला आणि बुद्धीने मूलच राहिलेला माणूस. अशा भूमिकेत लकबींची रेलचेल करून पारितोषिके मिळवण्याचा मोह फार. चालणे, बोलणे, हातांची हालचाल यांत तो मोह प्रभावळकरांनाही काही ठिकाणी झालेला दिसतो, हे आम्ही मान्य करतो. आज हा चित्रपट पाहिला तर प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याचा त्याचा आग्रहही खुपतो. तरीही त्यात काही जागा अशा आहेत, की तेथे नंदूला समोरच्या मोठ्या माणसांचे शब्द कळत नाहीत, मात्र त्या शब्दांमागचा राग किंवा दया कळते. सुलभा देशपांडे यांची आई बोलत असताना तो ज्या तऱ्हेने तिच्याकडे पाहतो, त्यात कोणतीही लकब नाही. अर्थ न समजता ऐकणे अभिनयात दाखवता येते, हे आम्हांस तेथे प्रथम दिसले.

गांधींची भूमिका हा आम्हां गुजरातनिवासी लोकांचा हळवा विषय. येथे प्रत्येकाच्या मनात गांधींची एक मूर्ती तयार असते आणि पडद्यावरचा प्रत्येक नट तिच्याशी ताडून पाहिला जातो. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' (1982) मधील बेन किंग्जली यांना त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. वडिलांकडून ते गुजराती वंशाचे, याचा येथे अनेकांना अभिमानही आहे. श्याम बेनेगल यांच्या 'द मेकिंग ऑफ द महात्मा' (1996) मध्ये रजित कपूर यांनी दक्षिण आफ्रिकेतला तरुण, चुका करणारा, हट्टी गांधी उभा केला. आमच्या मते त्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. या दोघांनाही इतिहासातला माणूस साकारायचा होता. 'लगे रहो मुन्नाभाई' (2006) मध्ये प्रभावळकरांच्या वाट्याला आलेले काम मुळातच निराळे होते. हा गांधी इतिहासातला नाही; एका गुंडाच्या मनातला आहे. तो फक्त मुन्नाला दिसतो आणि मुन्नाला जेवढे ठाऊक आहे तेवढेच त्याला ठाऊक आहे, हे चित्रपटाच्या उत्तरार्धात भर पत्रकार परिषदेत उघडकीस येते.

अशा पात्राने करावयाचे काय? प्रभावळकरांनी त्याचे उत्तर ऐकण्यात शोधले. मुन्ना बडबडत असतो, आपल्या चुकांचे समर्थन करीत असतो, आणि हा म्हातारा थोडे हसून त्याचे ऐकून घेतो. उपदेश असा तो फार थोडा करतो. जो करतो, तोही मुन्नाच्या जिभेवर आलेलेच वाक्य उचलून दिल्यासारखा. नायक संजय दत्त आहेत, यात शंका नाही. पण तो नायक माणूस म्हणून बदलतो, तो त्याचे कोणीतरी ऐकून घेतल्यामुळे. या कामाला सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सहायक' हा शब्द येथे शब्दशः खरा आहे आणि तो आम्हांस जराही कमीपणाचा वाटत नाही.

आता ज्या मालिकेविषयी आमचे मत पूर्णपणे बदलले, तिच्याकडे येतो. 1999 साली अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली आणि महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत प्रथमच रोज मराठी ऐकू येऊ लागले. या घटनेचे मोल महाराष्ट्रातल्या माणसाला कळणार नाही. 2001 पासून तिच्यावर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका लागू लागली. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर ती आधारलेली होती, आणि केदार शिंदे यांचे दिग्दर्शन होते. आबा, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शिऱ्या आणि शलाका, एवढेच घर. घडायचे काय, तर कोणाचे पैसे हरवले, कोणाचा अभ्यास राहिला, कोणाला घरच्यांपासून काही लपवायचे आहे. आम्ही दोन-तीन भाग पाहिले आणि 'यात काही नाही' असा शेरा मारून मोकळे झालो. आबांच्या भूमिकेत नटाला करायला काही दिलेलेच नाही, असे आम्ही तेव्हा एका मित्राला सांगितल्याचेही आठवते.

आमचे वडील मात्र ती मालिका चुकवीत नसत. आई जाऊन तीन वर्षे झाली होती. त्यांचे समवयस्क स्नेही एकेक करून गेले होते. आम्ही कचेरीतून उशिरा येत असू, मुले शाळा आणि शिकवण्या यांत गुंतलेली. वडील झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र दोनदा वाचीत. एका संध्याकाळी आम्ही घरी आणलेली फाइल चाळत होतो आणि समोर मालिका चालू होती. नातू आबांजवळ येऊन आपली काही अडचण सांगत होता. वडील पडद्याकडे पाहतच म्हणाले, "ह्यांना घरात कोणी सांगायला तरी येतं." आम्ही फाइलीतून मान वर केली नाही. त्या वाक्याला काही उत्तर देता आले असते. आम्ही ते दिले नाही. पुढे चार वर्षांनी वडील गेले.

त्यानंतर कधीतरी जुने भाग पुन्हा लागले, ते आम्ही वडिलांच्या नजरेने पाहिले. मग जे दिसले ते आधी का दिसले नव्हते, याचेच नवल वाटले. आबांना करायला काही नाही, हे आमचे मत अक्षरशः चूक होते. आबा सतत काही करीत असतात: ते ऐकत असतात. सून स्वयंपाकघरातून बोलते, तेव्हा वर्तमानपत्र किती खाली घ्यायचे याचेही त्यांचे माप ठरलेले आहे. नातवाने खोटे सांगितले, तर ते ओळखल्याचे त्याला कळू न देता ते प्रेक्षकाला कळवतात. मुलगा चिडून बोलतो, तेव्हा आबा दुखावतात. पण ते दुखावणे चेहऱ्यावर पुरते येण्याआधीच ते चष्मा पुसायला घेतात. दिवसाच्या अखेरीस रोजनिशीत उतरते ते हे सारे ऐकलेले. राजन भिसे, शुभांगी गोखले आणि दोन्ही मुले यांची कामे इतकी मोकळी झाली, कारण मध्यभागी बसलेल्या नटाने त्यांना जागा दिली. नायकाने जागा अडवावी, असा आपल्याकडचा रिवाज. येथे नायक जागा करून देतो.

तरीही टीकाकार म्हणून एक गोष्ट लिहिणे आवश्यक आहे. टिपऱ्यांचे घर फार गोड आहे. तेथले तंटे अर्ध्या तासात मिटतात आणि म्हातारपणाची कडू बाजू त्या घराच्या उंबऱ्याबाहेरच थांबते. आबा घराला कधी जड झाले, असे दिसत नाही. आमच्या वडिलांच्या वाक्याचा अर्थ असाही घेता येईल, की हे पडद्यावरच घडते. हा दोष लेखनाचा आहे, अभिनयाचा नाही. किंबहुना ज्या थोड्या जागी आबांच्या चेहऱ्यावर एकटेपणाची सावली येते, ती बहुतेक नटाने आणलेली आहे, संवादाने नव्हे.

आमच्या कसोटीला विरोधी उदाहरण म्हणून 'नटसम्राट' पुढे केले जाईल, आणि ते योग्यच आहे. वि. वा. शिरवाडकरांचे नाटक 1970 साली रंगभूमीवर आले, डॉ. लागूंनी गणपतराव बेलवलकर प्रथम उभे केले. महेश मांजरेकरांचा चित्रपट 2016 च्या आरंभी आला आणि त्यात नाना पाटेकर होते. ही भूमिका तर बोलणाऱ्या माणसाचीच आहे. नानांची ताकद आम्ही नाकारीत नाही. मात्र त्या चित्रपटातले आमच्या मनात राहिलेले प्रसंग स्वगतांचे नाहीत. ते आहेत विक्रम गोखले यांच्या रामभाऊंबरोबरचे. दवाखान्यातल्या प्रसंगात दोन म्हातारे नट समोरासमोर येतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो. तेथे नानांचा आवाज खाली येतो आणि गणपतराव प्रथमच माणूस वाटतात. कसोटी येथेही लागू पडते, असे आमचे नम्र मत.

आजच्या दैनंदिन मालिकांविषयी फार लिहिण्यात अर्थ नाही. एक पात्र वाक्य बोलते, मग घरातल्या सात जणांचे चेहरे एकामागून एक, विजेच्या कडकडाटासह दाखवले जातात. त्या सातांपैकी कोणीही ऐकत नसते. सगळे आपला चेहरा दाखवण्याची पाळी येण्याची वाट पाहत असतात. यात नटांचा दोष थोडा. रोज वीस-बावीस मिनिटांचा भाग तयार करायचा, तर ऐकायला वेळ कोठून आणणार? पण या सवयीने प्रेक्षकाचाही कान बिघडतो आणि शांत बसलेला नट त्याला रिकामा वाटू लागतो. आमचाही कान तसाच बिघडलेला होता, हे वर सांगितलेच आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' आला. एक्याऐंशी वर्षांचे प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री या वृद्ध दशावतारी कलावंताच्या प्रमुख भूमिकेत आहेत. त्या तरुण सभासदांचे म्हणणे, हा चित्रपट आमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरावा. आम्हांस तसे वाटत नाही. पूर्वार्धात मुलगा काळजीने बोलत असता बाप त्याला उडवून लावतो आणि तरी मनात साठवून घेतो, तेथे जुने प्रभावळकर भेटतात. उत्तरार्धात मुलगा राहत नाही. बाबुली एकेक अवतार धारण करतो, रंग आणि मुखवटे चढतात, आणि चित्रपट सूडाच्या वाटेने जातो. त्या वयात ती मेहनत अचंबित करणारी आहे आणि चित्रपटगृहात टाळ्याही पडल्या. आम्हीही वाजवल्या. पण तेथे ऐकायला समोर कोणी उरलेले नाही, म्हणून आमच्या लेखी या नटाची खरी श्रीमंती पूर्वार्धात आहे.

म्हणजे 'नायक कुठे?' या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: कथा ज्याच्यामुळे पुढे सरकते तो नायक, ही व्याख्या धरली तर प्रभावळकर अनेकदा नायक नाहीत. परंतु ज्याच्यामुळे इतर पात्रे खरी बोलू लागतात तो नायक, असे मानले, तर त्यांच्याइतका मोठा नायक मराठी पडद्यावर दुसरा दाखवणे कठीण आहे. लागूंचे सामर्थ्य वेगळे, निळूभाऊंचे वेगळे. ती चर्चा पुढच्या एखाद्या अंकात इतरांनी करावी.

मध्यंतरी आमची आठ वर्षांची नात सुटीत आली होती. तिचे मराठी तुटक. घरात निम्मे गुजराती, निम्मे इंग्रजी. तिला टिपऱ्यांचा एक भाग दाखवला. मध्येच तिने विचारले, "आजोबा, तो मुलगा खोटं बोलतोय ना?" आम्ही विचारले, तुला त्याचे बोलणे समजले का? ती म्हणाली, "नाही. पण त्या आजोबांच्या तोंडावरून कळलं." मग तिने आपल्या शाळेतली एक भलीमोठी हकीकत सांगायला सुरुवात केली. मालिका बंद करून आम्ही ती शेवटपर्यंत ऐकली.